चार पट्ट्यांचं बोलणं

मंगळवारी मिरजेला कर्करोगापायी हलकुडे सरांचा कंठ काढला. दुपारी ते शुद्धीवर आले. शेजारी बायको होती. ती काही बोलली. सरांनी ओठ हलवले. तिला कळलं नाही.

मग सरांनी तेच मराठीत म्हटलं, म्हणजे पुन्हा नुसते ओठ हलवले, आणि नर्सला लगेच कळलं. त्यांना पाणी हवं होतं. पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यालाही कळलं. बायकोला कळलं नव्हतं, कारण सर तिच्याशी ज्या भाषेत बोलत तिच्यात शब्दाचा अर्धा जीव गळ्यात असतो, आणि तो गळाच आता राहिला नव्हता.

गुरुपाद हलकुडे आमच्या शाळेत भूगोल शिकवत. मूळचे मैंदर्गीचे. घरी कन्नड, बाजारात मराठी, असे वाढलेले. मी त्याच शाळेच्या ग्रंथालयात होते आणि सोलापूरच्या साखर पेठेत त्यांच्याच गल्लीत, त्यांच्या दारासमोरच्या माडीवर राहत होते. सरांबद्दल चांगलं बोलणारी माणसं मला ते गेल्यावरच भेटली. जिवंतपणी ते फारसे कोणाला आवडत नसत, आणि त्याची व्यवस्था त्यांनी स्वतःच केली होती.

शर्टाच्या खिशात बिडीचं बंडल आणि त्याच खिशात खडू, त्यामुळे त्यांच्या बिड्यांना पांढरी टोकं असत. वर्गात नकाशा टांगायला खिळा नसला तर ते तासभर नकाशा हातात धरून शिकवत, पण खिळा मागायला मुख्याध्यापकांकडे जात नसत. कोणी काही अभिमानाने सांगितलं की ते शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "ठेवा तिकडे." जणू माणसाने भाजीची पिशवी आणली आहे. मुलाला बँकेत नोकरी लागली, ठेवा तिकडे. आमच्या घराण्याला सनद होती, ठेवा तिकडे. स्टाफरूममध्ये त्या काळी सीमाप्रश्न रोज चहाबरोबर निघे. मराठीवाले आणि कन्नडवाले दोघेही सरांना आपल्याकडे ओढत. एकदा सर म्हणाले, "मी भाजी कन्नडात घेतो, पगार मराठीत घेतो. बायकोशी भांडायला या दोन्ही पुरत नाहीत. तुमचं चालू द्या."

भाषेवर प्रेम करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. आमच्या शहरात त्यांची टंचाई कधीच नव्हती. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, प्रत्येकीचे सत्कार होत, प्रत्येकीसाठी हार येत, आणि माईकपुढे गहिवरून येणारे लोक ठरलेले असत. गल्लीत एका बंद दाराआड आणखी एक भाषा दोन माणसांवर तगून होती. तिच्याविषयी या मंडळींचं एकच मत होतं, की ती बाई चिनी बोलते.

सर तरुणपणी पूर्वेकडच्या डोंगरात सरकारी शाळेवर मास्तर म्हणून गेले होते. तिथेच त्यांनी लग्न केलं. बायकोची भाषा चारदोन वस्त्यांपुरती होती. त्या वस्त्या एकेक करून खाली सडकेवर उतरल्या आणि बाजाराची मोठी भाषा बोलू लागल्या. तिची थोरली बहीण वारली तेव्हा बायकोशी तिच्या भाषेत बोलणारं सरांखेरीज तिथे कोणी उरलं नाही. मग सोलापूर काय आणि डोंगर काय, म्हणून सर तिला घेऊन परत आले. मूलबाळ नव्हतं. मैंदर्गीला सासूने तिचं नाव पार्वती ठेवलं. सर तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारत. ते नाव मला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. मी म्हटलं की ती हसायची आणि म्हणायची, "पार्वती म्हणा, ताई."

ग्रंथालयात सर कधी कधी त्या भाषेबद्दल बोलत. फक्त तिथेच बोलत, कारण तिथे कोणी येत नसे. टेबलावर बोट आपटून सांगत, "एक अक्षर घ्या. ते उंच म्हटलं तर एक वस्तू. मधल्या स्वरात म्हटलं तर दुसरी. खालच्या स्वरात तिसरी. आणि वरून निघून पार तळाला सोडलं तर चौथी. आपण प्रश्न विचारताना आवाज वर नेतो. तिथे नेऊन चालत नाही, शब्दच बदलतो. प्रश्नाला मागे एक शेपूट लावावं लागतं. रागावलात तरी स्वर सांभाळूनच ओरडायचं. आमच्या मुख्याध्यापकांना तिथे एक दिवस शाळा चालवता यायची नाही."

दुसरीही एक गोष्ट त्यांना फार प्रिय होती. त्या भाषेत काहीही सांगताना ते आपण स्वतः पाहिलं की नुसतं ऐकलं, हे क्रियापदातच सांगावं लागे, त्यातून सुटका नव्हती. सर म्हणत, "आपल्या वर्तमानपत्रांना हा नियम लावा. पानं कोरी निघतील."

पार्वतीबाईंनी मराठी शिकताना ही सवय बरोबर आणली होती. "भाजीवाला आला, पाहिलं." "खालच्या चाळीत मुलगी झाली, ऐकलं." गल्लीतल्या बायका त्यांची नक्कल करत. आणि सोलापूर सपाट, पण त्यांच्या भाषेत नुसतं 'आला' नसतं, चढून आला की उतरून आला ते सांगावं लागतं. म्हणून त्यांनी आल्या आल्या ठरवून टाकलं होतं, की सिद्धेश्वराचं तळं म्हणजे खाली आणि त्याच्यापासून लांब म्हणजे वर. त्यामुळे सर रोज शाळेत उतरत आणि घरी चढून येत. माझी माडी त्यांच्या दृष्टीने त्यांच्या घराच्या किंचित खाली होती.

त्या शिवत बसल्या असल्या आणि दातांत सुई धरलेली असली तर शब्द न काढता नुसतं गुणगुणत. हूं, हूं, हूं. आतून सर तसंच गुणगुणत उत्तर देत, आणि मग पाण्याचा तांब्या बाहेर येई. अर्धं बोलणं स्वरातच असल्यामुळे रोजचं काम तेवढ्यावर भागत असे. शेजारचा नरसय्या मागावर काम करायचा. तो मला म्हणाला होता, "ताई, ह्या दोघांचं लई बरं हाय. तोंड न उघडता संसार."

मिरजेहून सर परतले तेव्हा मानेला पुढून भोक होतं आणि त्यावर मलमलीचा तुकडा. श्वास त्या भोकातून जाई, तोंडातून जिभेचे आणि ओठांचे टकटक आवाज तेवढे निघत. शाळेने त्यांच्या हातात पाटी दिली आणि त्यांना माझ्या ग्रंथालयात आणून बसवलं. मुख्याध्यापकांनी छोटंसं भाषण केलं, मौनाचं महत्त्व वगैरे. सरांनी पाटीवर लिहिलं, 'ठेवा तिकडे', आणि पाटी त्यांच्याकडे वळवली.

गल्लीत मात्र त्यांना पाटी लागली नाही. साखर पेठेतली माणसं दिवसभर मागांच्या खडखडाटात उभी राहतात, तिथे कानाचा उपयोग नसतो. एकमेकांचे ओठ बघून ती गप्पा मारतात, थट्टा करतात, भांडतात. सरांचे ओठ त्यांनी पहिल्या दिवसापासून वाचले. नरसय्याशी सर मराठीत बोलत, त्याच्या बायकोशी मोडक्या तेलुगूत, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याशी कन्नडात, आणि सगळं बिनबोभाट चाले. ज्या भाषा त्यांना आयुष्यभर ओढत होत्या त्या सगळ्या त्यांच्याकडे शाबूत राहिल्या. गेली ती तेवढी एकच.

सुरुवातीला पार्वतीबाई त्यांच्या तोंडाकडे बघून अंदाज बांधत. एका आकारात चार शब्द, कुठला घ्यायचा? चुकीचा घेत. सर पुन्हा ओठ हलवत, त्या पुन्हा चुकत. सर बोटं वर-खाली करून स्वर दाखवू लागले, पण बोट बघावं की ओठ, यात वाक्य निघून जाई. मग एका दुपारी मी त्यांच्या दारात असताना पार्वतीबाईंनी त्यांना विचारलं, "भाकरी वाढू का?" मराठीत.

सरांचा चेहरा मी पाहिला. भर रस्त्यात कोणी ओळख नाकारलेल्या माणसासारखा तो झाला. ते जेवले नाहीत. बाई माझ्याकडे वळून हळू म्हणाल्या, "मी काय करू, ताई? मी बोलते ते ते ऐकतात. ते बोलतात ते मला ऐकू येत नाही. एकटीने किती बोलू?"

नरसय्याकडे गल्लीच्या भजनी मंडळाची पेटी ठेवलेली असे. त्याला थोडी वाजवता येई. एका संध्याकाळी तो भाता ओढून स्वर लावत बसला होता. सर उठले, त्याच्या घरात गेले, त्याला बाजूला सारून पेटीपुढे बसले. संगीताचा त्यांना तिटकारा होता, पेटीचा तर विशेषच. त्यांनी एक पट्टी दाबली, दुसरी दाबली, मान हलवली, खालची दाबली. नरसय्या सांगे, "मला वाटलं, सरांना भजन करायचंय." मग सरांनी ओठ हलवत चार पट्ट्या एकामागून एक दाबल्या. प्रत्येक अक्षराला एक. पडता स्वर असेल तिथे उंच पट्टीवरून झटकन तळाच्या पट्टीवर.

भिंतीपलीकडे पार्वतीबाई ज्वारी निवडत होत्या. ओठ त्यांना दिसत नव्हते. तरी त्यांनी उत्तर दिलं. मग त्यांनी आणखी एक वाक्य वाजवलं. पलीकडून बाईंचं हसू ऐकू आलं, आणि पाठोपाठ सूप जमिनीवर ठेवल्याचा आवाज.

नरसय्याने त्याच रात्री पेटी त्यांच्या घरी नेऊन ठेवली. "मंडळाला शनिवारी लागती, तवा नेतो की."

तेव्हापासून रोज पहाटे आणि संध्याकाळी त्या घरातून पेटी ऐकू येऊ लागली. चारच स्वर, कधी भराभर, कधी थांबून थांबून, मधूनच बाईंचा आवाज. आमच्या गल्लीला माणसाचं बोलणं कळायला वेळ लागतो, भक्ती मात्र लगेच कळते. कोणीतरी म्हणालं, गळा गेला पण सरांनी देवाची आळवणी सोडली नाही. दुसऱ्याने सांगितलं, हा डोंगरातल्या कुठल्या साधूचा जप आहे. मग पहाटे दूध आणायला निघालेली माणसं त्यांच्या खिडकीशी थांबू लागली. एक म्हातारी रोज उंबऱ्यावर फूल ठेवून जायची. मंडळाचे अध्यक्ष तात्या स्वतः येऊन डोळे मिटून उभे राहिले आणि शनिवारच्या भजनानंतर त्यांनी सरांच्या साधनेवर भाषण केलं. तात्या शहरातल्या मातृभाषेच्या प्रत्येक सभेत बोलत, त्यामुळे त्यांना कशावरही बोलता येई.

एका सकाळी मी जिन्यावरून उतरत होते. खिडकीबाहेर तिघंजण हात जोडून उभे होते. आत पेटी जोरात चालली होती आणि बाईंचा आवाज त्यावर चढत होता. इतक्यात दार उघडलं आणि त्या चटणीची वाटी घेऊन बाहेर आल्या.

"ताई, चाखा. मीठ जास्त हाय का? सर म्हणतात, खारट केलीस. ऐकलं. आता तासभर तेच म्हणतात."

मी चाखली. शेंगाचटणी होती, आणि खारट होती. हात जोडलेल्या तिघांपैकी एकाने विचारलं, "म्हणजे ते आत चटणीचं चाललंय?"

"मग काय? काल नळाचं होतं. परवा तुमचं होतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही खिडकीत का उभे राहता, विचारत होते."

गल्लीचा अपमान झाला. आपली फसवणूक झाली असं सगळ्यांना वाटलं, आणि ती आपण स्वतःच केली होती याचा राग सरांवर निघाला. शनिवारी मंडळ नरसय्याच्या घरी जमलं. सरांना बोलावलं. पेटी मध्ये ठेवली होती. बायका दाराशी होत्या, मीही तिथेच होते.

तात्या म्हणाले, "सर, तुमच्या दुःखाची आम्हाला जाणीव आहे. पण ही पेटी देवाची आहे. तिच्यावर घरातलं बोलणं बरं दिसत नाही."

सरांनी ओठ हलवले. तात्या वकील होते, मागावर कधी उभे राहिले नव्हते, त्यांना कळेना. ते नरसय्याकडे वळले. "काय म्हणलालेत?"

"राहू द्या की, तात्या."

"सांग, सांग. सभा आहे."

नरसय्या खाली बघत म्हणाला, "म्हणलालेत, देव तुमचं ऐकून ऐकून कंटाळला असंल. जरा चटणीचं ऐकू द्या त्याला."

मागे कोणीतरी फसकन हसलं. तात्यांनी ते ऐकलं नाही असं केलं. "सर, बाईंना आता मराठी छान येतं. तुमचं मराठी आम्हा सर्वांना कळतं. मग घरात मराठीच बोला. अडचण कुठे आहे? आपली एवढी समृद्ध भाषा आहे."

सर बराच वेळ ओठ हलवत होते. नरसय्या टक लावून बघत होता. दोनदा त्याने मान हलवून नको म्हटलं. शेवटी बोलला.

"म्हणलालेत, तात्या, तुमी तुमच्या मंडळींशी महिनाभर फक्त कोर्टातलं इंग्रजी बोला. भाकरी मागा, रुसवा काढा, रात्री कूस बदलताना जे बोलता ते बोला. मग आमाला समृद्धीचं सांगा." त्याने सरांवरून नजर काढली. "पुढचं मी सांगणार न्हाय. शिवी हाय."

"बाईंच्या भाषेत?"

"न्हाय. मराठीत."

पेटी मंडळाकडेच राहावी असं सर्वानुमते ठरलं. त्या सर्वांत हात वर न करणारा नरसय्याही धरला गेला. सर उठले, पेटी स्वतः उचलली, कोपऱ्यात नेऊन ठेवली आणि सभेकडे वळून दोन शब्द ओठांनी म्हणाले. ते वाचून दाखवायची कोणाला गरज पडली नाही.

पुढच्याच महिन्यात तात्यांचा मातृभाषेच्या सेवेबद्दल सत्कार झाला. आमच्या शाळेच्या मुलांना टाळ्या वाजवायला नेलं होतं.

घरात पुन्हा "वाढू का" आणि "पाणी तापलंय, पाहिलं" सुरू झालं. सर ग्रंथालयात येऊन भिंतीकडे तोंड करून बसत. पाटीवरही काही लिहीत नसत. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत फाटके नकाशे होते आणि त्यांच्याखाली शाळेची जुनी पेटी. प्रार्थनेला नवी आल्यावर ती तिथे टाकली होती. उंदरांनी भाता कुरतडला होता, बऱ्याच पट्ट्या मुक्या होत्या. संगीताच्या बाईंनी तिच्यावर कसलंच गाणं वाजणार नाही असा शेरा दिला होता. मी ती बाहेर काढली आणि सरांसमोर ठेवली. त्यांनी भाता दाबून एकेक पट्टी चाचपली. बोलणाऱ्या पट्ट्यांतून त्यांनी चार निवडल्या. त्यांना गाणं वाजवायचं नव्हतंच.

नरसय्याने भात्याला चादरीचं ठिगळ लावलं आणि भजनी मंडळ सोडलं. पेटीवर हक्क सांगायला या वेळी कोणी आलं नाही, कारण तिच्यातून देव निघण्याची शक्यता नव्हती.

त्यानंतर काही वर्षं त्या घरात भांडणं, थट्टा, बाजारहाट सगळं त्या चार पट्ट्यांवर चाललं. मला भाषा येत नव्हती, पण समोरून ऐकून ऐकून सर चिडलेले कधी आणि लाडात आलेले कधी ते कळू लागलं. स्वर तेच असत, बोटं वेगळी पडत. पेटीवरही ते स्वर सांभाळूनच ओरडत.

दुखणं उलटलं तेव्हा सरांनी मिरजेला जायला नकार दिला. शेवटच्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी जाऊन बसे. भिंतीला टेकून बसवलेले सर, मांडीजवळ पेटी, भाता बाई हलवत. ओठ हलायचे थांबले होते. फक्त उजव्या हाताची दोन बोटं चालत. शब्द नव्हते, नुसते स्वर, आणि बाई प्रत्येक वाक्याला उत्तर देत होत्या. दातांत सुई धरून गुणगुणावं तसं चाललं होतं ते. मध्येच त्या खुदकन हसल्या. मी विचारलं, काय म्हणाले? त्या म्हणाल्या, "तुमच्याबद्दल नाही, ताई." सरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि डावा हात जेमतेम उचलून हवेत एका बाजूला सारला. ठेवा तिकडे. माझं रडणं त्यांना दिसलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्वतीबाई माझ्या जिन्यावर आल्या. त्यांच्या हिशोबाने त्या उतरून आल्या होत्या. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सर गेले. पाहिलं."

शोकसभेत तात्यांनी सरांच्या भाषाप्रेमावर भाषण केलं.

बाई पुढे नरसय्याच्या घरातच राहिल्या. त्याच्या बायकोबरोबर राहून तेलुगू बोलू लागल्या, आणि बोलता बोलताच काही वर्षांनी गेल्या. तिकडच्या डोंगरात त्यांची भाषा कोणाला येते का, हे मी पत्रं लिहून विचारलं. उत्तर आलं नाही.

पेटी आता जुळे सोलापुरात माझ्या खोलीत आहे. तिच्या चार पट्ट्या बोटांनी झिजल्या आहेत, त्या वाजतात.